पौर्णिमेचं पाणी

वाशी, सेक्टर २
३ जानेवारी १९८४

तीर्थरूप गिरजाअक्कास,
मारोतीचा साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी शेवटची गोळी बंद केली. डोळे पांढरे झाले. कावीळ गेली म्हणतात. तुझी भावजय काशी मात्र अजून भाजीला फोडणी देत नाही. उसाचा रस आणि मुळा खाऊन मी कंटाळलो आहे. सोमवारपासून महाप्याला कंपनीत रुजू झालो. मी नसताना तीन महिने स्टोअर दुसऱ्या माणसाच्या ताब्यात होतं. त्यानं नट एका खोलीत आणि बोल्ट दुसऱ्या खोलीत ठेवलेत. त्यांची गाठ घालून देण्यात माझा दिवस जातो.

अंथरुणावर पडल्या पडल्या एक गोष्ट मनात आली, ती लिहितो. आपला माहेरचा कुलस्वामी हरिहरेश्वरचा काळभैरव. आबा सांगायचे ते तुला आठवत असेल. देवाचा एक डोंगर आहे, त्याला तिन्ही बाजूंनी समुद्र धुतो, आणि प्रदक्षिणा देवळाला नाही, डोंगरालाच घालायची. आबांनीही ते पाहिलं नव्हतं, त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं. मी आठ वर्षं वाशीत राहतो. गच्चीवर गेलं की एका अंगाला पारसिकचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. पण खाडी म्हणजे समुद्राचं परसदार. पुढच्या दारानं मी अजून गेलेलो नाही. तुझं तर बाराव्या वर्षी लग्न झालं. सासरचा देव जेजुरीचा. माहेरच्या देवाला तुला कोण नेणार?

तर अक्का, आपण जाऊ. तू वरंध घाट उतरून महाडला ये, आम्ही दोघं पनवेलहून येतो. तिथून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर. डोंगर आणि समुद्र एकाच ठिकाणी बघून होतील. दिवाळीत तू मला बघायला आलीस तेव्हा आमचा जिना चढताना तीनदा थांबलीस. मी डोळे मिटून पडलो होतो, पण मोजत होतो. म्हणून म्हणतो, फार पुढे ढकलायला नको. दिवस तू ठरव.

बाजीराव आणि सूनबाई जयमाला यांना आशीर्वाद.

तुझा,
मारोती

*

मु. पो. खालवडी, ता. भोर
१६ जानेवारी १९८४

चिरंजीव मारोतीस,
गिरजाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जयमालानं दोनदा वाचून दाखवलं. जाऊ. पण दिवस चैत्री पौर्णिमेचाच. हनुमान जयंतीला सूर्य उगवताना तू झालास, म्हणून आईनं तुझं नाव मारोती ठेवलं. त्या दिवशी तुला पन्नासावं लागेल. त्याच दिवशी देवाच्या पुढ्यात असलं पाहिजे. दुसरा दिवस काढू नकोस.

जिना चढताना थांबले ते दम लागून नाही. तुमच्या प्रत्येक माळ्यावर दारापुढं वेगळी रांगोळी होती, ती बघत होते.

आता विचारते त्याचं नीट उत्तर दे. डोंगराला पायऱ्या किती? वाट केवढी रुंद? दोन माणसं एका अंगानं जातील का एकापाठी एक जावं लागेल? आणि आजारातून उठल्यावर तुझं वजन किती भरलं? तुमच्या स्टोअरात काटा आहे म्हणतोस. अंदाजानं सांगू नको, काट्यावर उभा राहून सांग.

काशीला म्हणावं फोडणी दे आता. माणूस मुळ्यावर जगत नाही.

तीळगूळ पाठवते. फुटला असेल तर पोस्टानं फोडला.

तुझी,
अक्का

(मामा, लिहिणारी जयमाला हिचा नमस्कार. मी ‘वजन कशाला विचारता’ म्हटलं तर मला म्हणाल्या, “तू लिही. तुला दहावीपर्यंत शिकवली ती प्रश्न इचारायला नाय.”)

*

वाशी
२९ जानेवारी १९८४

तीर्थरूप अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तीळगूळ पोचला. फुटला होता, पण गोड होता.

काट्यावर उभा राहिलो. वजन सहासष्ट किलो भरलं. आता तरी काळजी सोड. आजाराआधी होतो तेवढाच झालो आहे.

पायऱ्यांचं म्हणशील तर आमच्या कंपनीत बंडू नाखवा म्हणून बॉयलरवर आहे, तो मोऱ्याचा, उरणकडचा. त्याचं बाळपण होडीत गेलं. तो हरिहरेश्वरला जाऊन आलेला आहे. म्हणतो, आधी पायऱ्यांनी डोंगर चढायचा, मग दोन कड्यांच्या फटीतून खाली समुद्रावर उतरायचं आणि पाण्याच्या कडेकडेनं खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत यायचं. फटीत एका वेळी एकच माणूस जातं.

पण अक्का, खरी अडचण वेगळीच आहे. मी पौर्णिमा म्हणताच बंडू कपाळाला हात लावून म्हणाला, “मारोतीशेट, पौर्निमेला जाताव? तवा देवाची वाट पान्याखाली आसतं!” मग त्यानं मला हिशेब शिकवला. तिथीचा पाऊणपट करायचा, तेवढे वाजता समुद्र पूर्ण भरतो. पंचमीचे पावणेचार. पौर्णिमेचे सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आत-बाहेर. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर पाणी सर्वांत खाली. वाट मिळते ती तेव्हाच. पौर्णिमेला वाट पहाटे सहाला नाही तर संध्याकाळी सहाला. मधे गेलं तर लाटा खडकावरून माणूस नेतात.

आपण आयुष्यभर तिथी बघून उपास केले, तिथी बघून लग्नं लावली. आणि त्याच तिथीनं समुद्र उठतो-बसतो हे मला पन्नाशीला येऊन एका बॉयलरवाल्यानं शिकवलं. दोन दिवस तेच डोक्यात आहे. आपल्या घाटावरच्या माणसांना चंद्र फक्त वर दिसतो. या लोकांना तो पायाशी येऊन भेटतो.

तेव्हा पंचमी बघू का? सकाळी पावणेदहाला वाट कोरडी, ऊनही कोवळं. तुला बरं पडेल. बंडू म्हणतो, “पान्याला आपला पंचांग दाखवू नका. आमची होडी कोरड्यावर दहा मानसांना हलत नाय. पानी आला का येक पोरगी ढकलतं. ज्याचा काम त्याला करू द्या.”

काशीनं काल फोडणी दिली. डोळ्यांत पाणी आलं.

तुझा,
मारोती

*

खालवडी
११ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव मारोतीस,
अनेक आशीर्वाद.

पंचमीला नाग आणि ऋषी असतात. मला पौर्णिमा पाहिजे. पहाटे सहा म्हणतोस तर पहाटे सहा. मी चारला उठतेच.

सहासष्ट म्हणजे फारच की रे. बरं. देव देईल.

वाट एकाच माणसाची आहे हे चांगलं झालं. दोन माणसं एकाच माणसाएवढी झाली तर जातील ना, हे तुझ्या नाखव्याला विचार. जयमाला म्हणते, याचा अर्थ लागत नाही, असं लिहू नका. मी म्हणते लिही.

अक्का

मामा, आता हे माझ्या मनानं लिहिते. आत्याबाई गोठ्यात गेल्यात. तुमचं उत्तर मीच वाचणार, तेव्हा त्यातलं वाचून दाखवायचं नसेल ते शेवटी वेगळं लिहा.

संक्रांतीपासून आत्याबाई रोज सकाळी कोठीच्या खोलीत भाताचं पोतं उचलतात. आधी अर्धं होतं. तुमचं मागचं पत्र आलं त्या दिवशी त्यात आणखी चार पायल्या ओतल्या. पोतं डोक्यावर घेत नाहीत, पाठीवरही नाही. कडेवर घेतात, लेकरू घ्यावं तसं. सात पावलं चालतात आणि टेकवतात. काल घाम पुसत भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी म्हटलं, आत्याबाई, हे काम आमचं आहे. तर मला म्हणाल्या, “हे तुमचं न्हाई.” ह्यांना सांगायची सोय नाही, ते रागावतील. तुम्हीच काही विचारा.

जयमाला

*

वाशी
१९ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव बाजीरावास,
मारोतीमामाचे आशीर्वाद.

हे पत्र तुला वेगळं लिहितो आहे. तुझ्या वडिलांमागं अक्कानं तुला कसं वाढवलं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आज सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईला घरात भाताची पोती उचलावी लागतात आणि तुला त्याचा पत्ता नाही, असं मी समजायचं का? का पत्ता आहे? दिवाळीतही जिना चढताना ती थांबत होती, तेव्हाही असलीच कामं होती का? कोठी भरायला गडी मिळत नसेल तर तू आहेस. तुझे हात कुठं गेलेत?

तुला बोललो याचं वाईट वाटून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. वाईट वाटलंच पाहिजे.

मामा

*

खालवडी
२२ मार्च १९८४

चिरंजीव मारोतीस,
आशीर्वाद.

महिना झाला, तुला पत्र नाही. मुद्दामच लिहिलं नाही. बाजीरावानं तुझं पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचलं. मग ते घडी करून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि रानात गेला. तेव्हापासून कोठीच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या कमरेला. पोरगा माझ्याशी बोलतो, पण खाली बघून. जयमालेशी तर आठ दिवस बोलला नाही, तिनं तुला कळवलं म्हणून. ती हे लिहिताना नाक ओढते आहे. रडू नको गं, अक्षर पुसेल.

मारोती, तू माझ्या लेकाला उगाच बोललास. आता मला तोंड उघडावं लागतं. हे मी आईला सांगितलं नाही, धन्याला सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच.

तू अकरा महिन्यांचा होतास. मी नऊ वर्षांची. तुला डांग्या खोकला झाला. शिमग्याचे दिवस, बाहेर होळीच्या बोंबा, आणि तू खोकता खोकता निळा पडलास. आईनं तुला माझ्या कडेवर दिलं आणि ती वैद्याला बोलवायला पळाली. आबा रानात होते. घरात मी आणि तू. तू जन्मल्यापासून माझ्या कडेवरच होतास, मला दुसरं काही येत नव्हतं. मी देव्हाऱ्यापुढं उभी राहून बोलले, “काळभैरवा, माझा भाऊ जगव. मी त्याला कडेवर घेऊन तुझ्या डोंगराला प्रदक्षिणा घालीन.” तेवढ्यात तुला उलटी झाली आणि श्वास फिरला.

पुढं तीन वर्षांनी माझं लग्न झालं. माहेरचा देव माहेरी राहिला. सासरी कोणत्या तोंडानं म्हणू, मला तुमच्या नव्हे, माझ्या देवाला न्या? आणि तू तर वाढत चाललास. दर भाऊबीजेला तुला ओवाळताना मी मनात म्हणायची, देवा, आणखी थोडा जड झाला. आता काय करू?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तू पिवळा पडलास. दवाखान्यात तुला बघितला आणि मला तो निळा मारोती आठवला. देवानं आठवण दिली. माझ्यामुळं तुला आजारपण. पन्नासावं लागायच्या दिवशी हे फेडलं नाही तर मला झोप लागणार नाही. म्हणून पोतं. मला कुणी उचलायला लावलं नाही. मी तुला उचलायला शिकत होते.

सहासष्ट किलो झाल्यावर मला सात पावलांपुढं जाता येईना. देवाला सातच पावलं पुरतील का हे कुणाला विचारू?

बाजीरावाला पत्र लिही. आधी त्याला, मग मला.

अक्का

*

वाशी
२८ मार्च १९८४

तीर्थरूप अक्कास,
साष्टांग नमस्कार.

बाजीरावाला याच टपालानं वेगळं पत्र टाकलं आहे. मामानं भाच्याची क्षमा मागायची रीत नाही, पण मी मागितली. महाडला तुला पोचवायला तोच येऊ दे. तोंडानंही मागेन.

तुझं पत्र कंपनीत नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत काट्याशेजारी बसून वाचलं. परत घडी घालता येईना.

आता माझंही ऐक. मी सहासष्ट किलो नाही. चोपन्न आहे. काट्यावर उभा राहिलो आणि आकडा बघून मलाच भीती वाटली. वाटलं, अक्काला हे कळलं तर ती अन्न सोडेल. म्हणून बारा किलो वाढवून लिहिले. स्टोअरमध्ये वीस वर्षं मी एक खिळा जास्त लिहिला नाही, आणि तुला बारा किलो खोटं लिहिलं. ते खोटं तू महिनाभर कडेवर घेऊन चालत होतीस.

अक्का, तू नऊ वर्षांची होतीस. पोरीचे बोल देव पोरीचेच म्हणून ऐकत असेल. पण तुला हे पटणार नाही, म्हणून दुसरे मार्ग काढले. इथल्या देवळातल्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, माझ्या वजनाइतका गूळ देवाला वाहावा. काशी म्हणते, माझा लहानपणीचा फोटो तू पदरात बांधून घे आणि प्रदक्षिणा घाल. बंडू नाखव्याला सांगितलं तर त्यानं आधी फडक्यानं हात पुसले. मग म्हणाला, “आमचे बहिनीन असा कदी बोलला नसता. मना उचलून पान्यात टाकला असता.” मग तोंड फिरवून बॉयलरचा काटा बघत राहिला.

यातलं जे मान्य असेल ते कळव. पण खडकांवरून मला उचलायचं नाही. तू पडलीस तर त्या नवसाचं मी काय करू?

तुझा,
मारोती (चोपन्न किलो)

*

खालवडी
५ एप्रिल १९८४

चिरंजीव मारोतीस,
आशीर्वाद.

देवाला गूळ बोलले नव्हते. फोटोही बोलले नव्हते. तेव्हा तुझा फोटो नव्हताच.

चोपन्न ऐकून जीव कळवळला आणि बरंही वाटलं. देव मला क्षमा करो.

बाजीरावानं किल्ली आणून दिली. पोत्यातलं बारा किलो कमी करून दिलं त्यानंच. स्वतः मापानं मोजून. म्हणाला, “आई, रोज सात पावलांच्या वर नाय. मी इथं उभा राहनार.” आता तो दारात उभा राहतो, पोथी चालू असताना माणसं हात जोडून उभी राहतात ना तसा.

शनिवारी १४ तारखेला महाडच्या स्टँडवर येतो. बाजीराव म्हणतो, त्या दिवशी तिथं आंबेडकर जयंतीची दाटी असेल, म्हणून चौकशीच्या खिडकीपाशीच उभे रहा, हलू नका.

पुढचं देव बघेल.

अक्का

*

वाशी
२० एप्रिल १९८४

चिरंजीव सौभाग्यवती जयमालास,
मारोतीमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. ‘आत्याबाई आल्यापासून नुसत्या हसतात, काही सांगत नाहीत, तुम्ही तरी लिहा’ असं म्हणतेस. तूच या सगळ्याची लेखणी होतीस, तेव्हा तुझा हक्क आहे. हे पत्र तिला वाचून दाखवलंस तरी चालेल. एका ठिकाणी ती नाही म्हणेल. तिथं मी लिहिलं आहे तेच खरं धर.

महाडला बाजीराव भेटला. पाया पडायला वाकला, मी त्याला वरच धरला. म्हणाला, “मामा, पोतं मी उचलाय लावलं नव्हतं.”
“ठाऊक आहे रे.”
“मग येकदा मोठ्यानं म्हना.”
स्टँडवर निळे झेंडे घेतलेली माणसं, बायका, पोरं, ढोल-ताशे. त्या गर्दीत मी मोठ्यानं म्हणालो, “माझ्या भाच्याची काही चूक नाही!” दोन-चार माणसं वळून बघायला लागली. एका म्हातारीनं विचारलं, “कुणी धरलाय का त्याला?” बाजीराव हसला. महिन्याभरानं हसला असेल. मग अक्काला आमच्या हवाली करून परतीच्या एसटीत बसला.

संध्याकाळी हरिहरेश्वरला पोचलो. तिथल्या एका उपाध्यांच्या घरी उतरलो. पडवीतून समुद्र दिसत होता. अक्कानं तो पाहिला आणि विचारलं, “हे रोज असंच असतं?” काशी म्हणाली, “रोज.” अक्का म्हणाली, “आणि माणसं जेवणखाण कशी करतात?”

पहाटे चारला ती उठली. बंडूच्या हिशेबानं सहाला वाट मिळणार होती. पण जयमाला, चूक आमचीच. सहाला वाट मिळते हे आम्ही तीन महिने पाठ केलं, आणि चैत्री पौर्णिमेला सूर्य उगवताना मारुतीचा जन्म असतो हे विसरलो. ज्या कारणासाठी हा दिवस धरला तेच विसरलो. देवळाकडून घंटा ऐकू आल्यावर अक्का पायऱ्यांवरून मागं फिरली. म्हणाली, “जन्म टाकून कुठं जाऊ?” जन्म झाला, सुंठवडा झाला. मग आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, अशी तिथली रीत. प्रत्येक ठिकाणी ती नीट ओटी भरत होती. डोंगर चढून कड्यांच्या फटीपाशी आलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

वरून खाली पाहिलं. शेवटच्या पायऱ्यांवर पांढरा फेस. आबांनी सांगितलेली वाट कुठंच नव्हती. सोबत आलेले उपाध्ये म्हणाले, “आता संध्याकाळशिवाय नाही. आणि ताई, संध्याकाळी जरी वाट मिळाली तरी त्या खडकांवर माणूस उचलून नेता येत नाही. शेवाळ असतं. मी कोकरूसुद्धा नेऊ देणार नाही.”

अक्का तिथंच पायरीवर बसली. रडली नाही. पदराच्या टोकाची गाठ सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, “मला उशीर झाला. अठ्ठेचाळीस वर्षं उशीर झाला, वर आज तीन तास.” काशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी गावातल्या शाळेत शिकलेला माणूस, मला देवाच्या मनातलं काय कळणार? मी नुसतं खालच्या पाण्याकडे बघत होतो. ते चढत होतं. पौर्णिमेचं पाणी, बाराच्या आत-बाहेर पूर्ण भरणारं. आणि मला बंडूची होडी आठवली. कोरड्यावर दहा माणसांना हलत नाही, पाणी आलं की एक पोरगी ढकलते.

मी म्हणालो, “अक्का, ऊठ. खाली चल.”

डोंगर उतरून गावाच्या बाजूच्या वाळूच्या पुळणीवर गेलो. उपाध्यांनी खडकाआडची एक जागा दाखवली, तिथं लाट मोडून येते, पाणी नुसतं वर-खाली होतं. ते एका बाजूला उभे राहिले, काशी दुसऱ्या बाजूला. अक्कानं नऊवारीचा काष्टा आवळला. पाण्यात पाय घातल्यावर तिनं आधी वाकून ते डोळ्यांना लावलं. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. ती माझा हात घट्ट धरून होती, तुझ्या सासूला कधी भ्यालेलं पाहिलंयस? तिथं भ्याली होती. समोर देवाचा डोंगर, पूर्ण.

मी म्हणालो, “आता घे.”

तिनं डावा हात माझ्या पाठीमागून घातला. कंबर तशीच तिरकी केली, गावाकडं बायका करतात तशी. मी पाय उचलले. आणि जयमाला, पाण्यानं मला वर धरलं आणि मी अक्काच्या कडेवर बसलो. पन्नासाव्या वर्षात पाऊल टाकलेला, चष्मा लावलेला माणूस. काशी तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती. मला हसू आलं नाही. तिच्या खांद्याला जुन्या सुती लुगड्याचा, घामाचा आणि धुराचा वास होता. मला अकराव्या महिन्यातलं काही आठवत असेल असं मी म्हणत नाही. पण अंगाला ती जागा माहीत होती.

डोंगराला वळसा कसा घालणार? तिनं विचारलंही नाही. गाभाऱ्याला फिरायला जागा नसली की आपण स्वतःभोवती फिरतो, तशी ती डोंगराकडं तोंड करून उभी राहिली आणि मला कडेवर घेऊन एक फेरी फिरली. एक पाऊल, मग दुसरं, पाण्यात चाचपत. डोंगर समोरून गेला, मग नुसता समुद्र, मग गावची नारळाची झाडं, मग पुन्हा डोंगर. मी पावलं मोजली. सात झाली. ती म्हणते अकरा.

फेरी पुरी झाल्यावर तिनं डोंगराकडं मान वर करून मोठ्यानं म्हटलं, “हा बघ. आणलाय.”

मग मला खाली सोडलं आणि म्हणाली, “लहानपणी जड होतास.”

संध्याकाळी पाणी उतरल्यावर आम्ही तिघं आपापल्या पायांनी खऱ्या वाटेनं प्रदक्षिणा घालून आलो. अक्का सगळ्यात पुढं. कुठं थांबली नाही.

बंडू नाखव्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मंग? मी काय बोललू व्हतू?” आणि दिवसभर कंपनीत ज्याला-त्याला सांगत सुटला.

कळावे,
मामा

*

खालवडी
३० एप्रिल १९८४

तीर्थरूप मामांस,
जयमालाचा नमस्कार.

तुमचं पत्र ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. पावलं अकराच होती असं आत्याबाईंनी कळवायला सांगितलं आहे.

आणखी एक. भाताचं पोतं अजून कोठीत तिथंच आहे, ह्यांनी मापून ठेवलेलं, चोपन्न किलोचं. काल मला ते कोपऱ्यात सरकवायचं होतं. मी हाक मारली, आत्याबाई, जरा येता का? त्या आल्या, पदर खोचला, कडेवर घ्यायला गेल्या. पोतं जागचं हललं नाही. पुन्हा जोर लावला. नाहीच. आम्ही दोघींनी मिळून लावला तेव्हा कुठं वीतभर सरकलं.

मी म्हटलं, आत्याबाई, महिनाभर रोज उचलत होता की!

त्यांनी कमरेवर हात ठेवून पोत्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “आता ते नुसतं भात हाय गं.”

आपली,
जयमाला